घोट्यापर्यंत लुगडं

बसा रे जवळ. मोबाईल ठेवा खाली. ही ऐकीव गोष्ट नाय, आपल्या मोरूच्या घरची हाय.

गेल्या पौषातली अमावास्या. पेणला रामवाडीत राहणाऱ्या वृंदाबाई कासू स्टेशनला उतरून मोरूकडे आल्या. कॉलेजात शिकवतात त्या. पूर्वी आपल्या बायका काय नेसायच्या, कुणी कसं नेसायचं ते कोण ठरवायचं, याचा अभ्यास करतात. मोरूच्या आजीचं, शांतीचं लुगडं पेटीत होतं, ते त्यांना बघायचं होतं.

शांतीच्या काळी हैबतराव गावचे खोत. त्यांच्या घरासमोरून जाताना कुळांच्या बायकांनी लुगडं गुडघ्यावर खोचायचं, असा दंडक होता. शांती एकदा लुगडं घोट्यापर्यंत सोडून तिथून गेली. हैबतरावांनी तिला गाव सोडायला लावलं. लुगडं तेवढं मागे राहिलं. पुढे हैबतराव मेले, घराला कुलूप लागलं. तरी अंधारात तिथून जाणारी बाई आजही साडी जरा उचलते. का, ते कुणी विचारत नाय.

बोलता बोलता दिवेलागण झाली. मोरूची पोरगी पिंकी, रोह्याला कंपनीत जाते ती, म्हणाली की मीच नेसून दाखवते. नेसली, आणि तशीच बाईंना स्टेशनावर सोडायला निघाली. मोरूने बजावलं, त्या घरापाशी तेवढं वर खोच.

रस्त्यावर दिवा नव्हता. हैबतरावांचं घर आलं, आणि मागून काठीचा आवाज... ठक. ठक.

दोघी थांबल्या. काठी थांबली. मागे कुणीच नाय.

चालल्या. ठक. अगदी पाठीशी.

मग म्हाताऱ्याचा आवाज. "वर घे."

बाईंनी पिंकीचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला, असं बाईच सांगतात. वळली. अंधाराकडे तोंड करून उभी राहिली.

"माझ्या पणजीने घेतलं नाय. मी पण नाय घेणार."

...

काठी आपटली. पिंकी हलली नाय. तिने लुगडं आणखी सैल केलं, काठ मातीला टेकवला. उभीच राहिली. स्टेशनात बाईंची गाडी येऊन गेली... तरी उभी.

शेवटी काठी मागे फिरली. ठक... ठक... घराच्या दिशेने.

सकाळी मोरू आणि मी बघायला गेलो. कुलूप जसंच्या तसं. ओटीवर कित्येक वर्षांची धूळ. त्या धुळीत लुगड्यांचे काठ घासत गेल्याच्या खुणा... एकीच्या नाय. शेजारी शेजारी, ओटीभर. पाऊल एकही नाय.

आणि सगळ्या खुणा बंद दाराखालून आत गेलेल्या.