पाठमोरं कुंपण

खड्ड्यात पाय गेला तेव्हा निशिगंधाच्या तोंडून जी शिवी निघाली, ती लिहिण्यासारखी नाही.

"सॉरी, सॉरी... लागलं का?" पहार टाकून एक दाढीवाला तरुण धावत आला.

"लागलं नसतं तर मांडी घालून बसले असते का इथे? कुणी खणला हा?"

"मी."

"कुणाला विचारून? ही आमची जायची वाट आहे!"

"वाडी हिरकणी मावशीची आहे," तो हात पुढे करत म्हणाला. "आणि वाट... आजपासून बंद."

तिने तो हात झिडकारला, उठली आणि पुन्हा घसरली. मग मात्र हात धरावाच लागला. रंधा मारून घट्टे पडलेला, सागाच्या भुशाचा वास येणारा हात. ह्याचाही तिला राग आला.

चिखले गावात ह्या दोन वाड्या शेजारी शेजारी. एक निशिगंधाच्या पप्पांची, म्हणजे हरिश्चंद्रांची, चिकूच्या झाडांची. दुसरी हिरकणी काकूंची. २०१७ च्या थंडीत हरिश्चंद्रांची गाय सुटली आणि काकूंची ढोबळी मिरचीची रोपं चरून आली. काकू बोलल्या, पप्पा बोलले, बोलता बोलता दोन्हीकडचे वर गेलेले आजोबाही खाली आणले गेले. तेव्हापासून बोलणं बंद. आता काकूंनी चिंचणीहून बहिणीच्या मुलाला बोलावलं होतं. हा जतीन तारापूरची नोकरी सोडून बंगलेवाल्यांना बागेची फाटकं करून देत असे. रस्त्याकडे नवं लाकडी फाटक आणि सबंध वाडीला त्याला जुळणारं कुंपण, असं काकूंचं फर्मान होतं.

दुसऱ्या दिवशी निशिगंधा पुन्हा गेली. भांडण अर्धं राहिलं होतं ना!

"ही टोकं भाल्यासारखी कशाला? आम्ही काय दरोडेखोर?"

"मावशीला तसंच वाटतं."

"आणि तुम्हाला?"

"मला... बघावं लागेल."

पुढच्या सकाळी टोकं गेली होती. फाटकाच्या माथ्याला आता कमान होती, आणि ती जिथे उतरत होती तिथूनच कुंपणाची पहिली चौकट ते वळण पुढे नेत होती. वाऱ्यावर भुसा उडत होता, त्याच्या दाढीत अडकत होता. बाई गं, माणसाने किती साधं हसावं!

"आता?"

"बरं आहे."

"नुसतं बरं?"

"माझ्या तोंडाकडे काय बघतोस? करवत बघ, बोट जाईल."

"गेलं तर पट्टी बांधशील ना?"

"मीठ चोळीन!"

प्रेमात पडायची ही काय रीत झाली? पण पडली खरी. फेकून मारायला नेलेले चिकू दोघांनी ओंडक्यावर बसून खाल्ले. एकदा त्याने तिच्या केसांतली ढलपी काढली, आणि बोटं जरा जास्तच रेंगाळली... तिने "काय चाललंय?" म्हणून डोळे वटारले, पण मान हलवली नाही.

कुंपण मात्र रोज पुढे सरकत होतं. शेवटची चौकट बसली की वाट बंद. पप्पांनी तर बजावूनच ठेवलं होतं, "त्या घराचं नाव इथे काढायचं नाही." मग जतीन कुठला आणि आपण कुठल्या? आणि हा पठ्ठ्या तर लग्नाचा विषयच काढत नव्हता.

शेवटची चौकट बसली त्या सकाळी ती अंगणात आली आणि उभीच राहिली. देखणी, घोटीव बाजू काकूंकडे. इकडे नुसता सांगाडा, आडव्या पट्ट्या आणि खिळ्यांची डोकी.

ती तरातरा कुंपणाशी गेली. "जतीन! पाठ दाखवतोस? आमच्या घराला?"

फळ्यांच्या वरून त्याचं डोकं दिसलं. "कुंपण ज्याचं, चांगली बाजू त्याची. नियमच आहे तसा."

"चुलीत गेला तुझा नियम!"

"हळू बोल ना... ऐक. आडव्या पट्ट्या तुझ्याकडे आहेत. पाय ठेवायला. माझ्याकडे सपाट फळ्या, मला चढता यायचं नाही. म्हणजे यायचं की नाही, ते तुझ्या मनावर..."

दुसरी कुणी असती तर विरघळली असती. निशिगंधाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"म्हणजे मी चोरासारखी चढून येऊ? आणि तू तिकडे उभा राहून बघणार? वा रे वा! मी येईन तर दिवसाढवळ्या चालत येईन. इथे फाटक कर!"

"दोन वाड्यांच्या मध्ये? तुझे पप्पा—"

"मग विचार त्यांना! गावभर फाटकं लावत फिरतोस, आणि इथे वाचा बसली?"

"आधी तुला विचारू दे." त्याने हातातला हातोडा खाली ठेवला. "माझ्याशी... लग्न करशील?"

"ही काय विचारायची वेळ आहे?" ती ओरडली. डोळ्यांत पाणी आलं होतं. "करीन! हो! करीन!"

ते दोन्ही वाड्यांत ऐकू गेलं. इकडून हरिश्चंद्र आले, तिकडून मिरचीतून हिरकणी काकू आल्या. जतीनने दोघांच्या देखत, अडखळत का होईना, सगळं सांगितलं. लग्नाचं आणि फाटकाचंही.

"माझ्या कुंपणात फाटक?" काकू कडाडल्या. मग निशिगंधाकडे बघून जरा थांबल्या. "पोरगी वाईट नाही. बाप वाईट. पण फाटक माझ्या वाडीत उघडायचं नाही, सांगून ठेवते! कडेला माझी रोपं आहेत."

आता सगळे हरिश्चंद्रांकडे बघू लागले. फाटक ज्याच्याकडे उघडतं त्याला तेवढी जागा मोकळी सोडावी लागते, आणि हा माणूस वीतभर जमिनीसाठी सख्ख्या भावाशी कोर्टात गेलेला. निशिगंधाने कुंपणाची पट्टी घट्ट धरली.

हरिश्चंद्रांनी खांब हलवून पाहिला. हलला नाही. मग फाटकापुरती जागा पावलांनी मोजली.

"आमच्याकडे उघडू दे," ते म्हणाले. आवाज अजून रागातलाच होता. "जाताना हिला फाटक ओढावं लागेल. पण परत येताना नुसतं ढकललं की झालं."