डाव्या चपलेचा तळ

सावंगीच्या दवाखान्यात जिन्यावरून एक चप्पल गडगडत आली आणि नेमकी इलाच्या पायाशी थांबली. वर कुबड्यांवर एक तरुण अवघडून उभा होता. हा सेलूचा आदेश, शाळेत मास्तर. मोटरसायकलवरून पडून डावा पाय मोडलेला. इलाने चप्पल उचलली. त्याच्या पायातली उजवी पार झिजलेली, ही मात्र कोरी करकरीत.

“डॉक्टरांनी पाय टेकवायला सांगितलं नाही?”

“सांगतलं ना. मी टेकवतो म्हणतो अन् टेकवतच नाई,” तो ओशाळला. “मोडल्याचा आवाज अजून कानात हाये, मॅडम.”

इला तिथेच हाडांच्या पेशींवर संशोधन करायची. त्यांच्यावर हलका दाब द्यायचा आणि त्या काय करतात ते पाहायचं, हेच तिचं काम.

“पेशींना भार कळतो,” ती म्हणाली. “भार पडला की त्या नवं हाड घडवायचा निरोप धाडतात. नाही पडला, तर आहे तेही विरत जातं. तुम्ही जपताय, म्हणून पाय कमजोर होतोय.”

“म्हंजे त्याहिले तरास द्याचा?”

“थोडा... रोज.”

“मंग तरास द्याले तुम्ही थांबत जा इथं.”

ती हसली नाही. पण त्याच्या प्रत्येक तपासणीला ती जिन्याशी थांबू लागली. वडील गेल्यापासून तिने कुणाला जवळ येऊ दिलं नव्हतं. पुन्हा कुणी हरवलं तर... आपणही स्वतःला फार जपतोय, हे तिला कळत होतं, वळत नव्हतं. आणि आता पुण्याची नोकरी आली होती.

निघायच्या आदल्या दिवशी बाहेर रिपरिप चालू होती. आदेश कुबड्यांशिवाय जिना चढून आला. त्याने डावी चप्पल काढून उलटी धरली. टाच झिजली होती.

“पाहून घ्या,” तो हळूच म्हणाला. “पुण्याले जा, मी अडवून नाई राह्यलो. पण तुम्ही मले आवडता. सांगाचं भेव वाटे... आज सांगतलं.”

तिलाही भीती वाटली. तरी ती म्हणाली, “दिवाळीत येईन. तुमच्या घरी.”

उतरताना तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळा भार दिला. त्याचा डावा पाय थरथरला, पण टिकला.

“दुखलं?”

“दुखू द्या.”