खंड्या कुणासाठी उठतो

कुत्रा आणायला निघालेली बाई म्हणून सुलू मांडवकरला त्या दुपारी कोणी ओळखलं नसतं. हातात भाजीची पिशवी, पिशवीत चार चपात्या आणि जुन्या सुती साडीचा फाडलेला लांब पट्टा. भाईंदर पूर्वेच्या नाक्यावर तिने रिक्षा केली, काशीमीरा के आगे, वरसावे की तरफ, एवढं सांगितलं आणि सगळा रस्ता स्वतःशीच भांडत बसली. कारण तीस वर्षं ती एकच वाक्य बोलत आली होती, की या घरात कुत्रा आला तर मी बाहेर.

कुत्र्यांचं वेड होतं ते तिच्या नवऱ्याला. त्याचं नाव दत्ताराम. हे मी सांगतोय, सुलू सांगणार नाही. रत्नागिरीकडची बाई ती. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं ते घेतलं, पुढे रेशनच्या खिडकीवरसुद्धा नाव विचारलं की कार्डावर बोट ठेवायची आणि म्हणायची, हे काय, लिहिलंय की. घरात हाक एकच, अहो. दत्ताराम गोदीत कारकून होता. रोज संध्याकाळी सव्वासातला दारात. रिटायर झालो की एक कुत्रा पाळू, हे त्याचं ठरलेलं, आणि हिचं नाही म्हणणंही ठरलेलं. रिटायर झाला आणि सातव्या महिन्यात, दूध घेऊन वर येताना, दुसऱ्या मजल्यावर छाती धरून बसला तो उठलाच नाही. घर तिसऱ्या मजल्यावर. वीस पायऱ्या राहिल्या होत्या. त्या वीस पायऱ्या सुलूने नंतर किती वेळा मोजल्या असतील, तिलाच ठाऊक.

हे २००६ सालचं. वर्षश्राद्ध उरकलं, मुलगी नेहा डोंबिवलीला आपल्या संसाराला लागली आणि घर असं गप्प झालं, की सुलू कुकरला शिट्टी येईपर्यंत गॅससमोर उभी राहायची. तेवढाच आवाज. शेवटी नेहानेच फोनवर सुचवलं, की आई, तिकडे कुत्र्यांचं शेल्टर आहे, एखादा घेऊन ये, बाबांचीही इच्छा होती. सुलू तिच्यावर खेकसली. आणि आठ दिवसांनी निघाली.

शेल्टर म्हणजे ट्रकांच्या गॅरेजांमागची पत्र्याची लांबलचक शेड. चालवणाऱ्या ममताबेन, गुजराती, बोलायला गोड आणि कुत्र्यांच्या केसांनी भरलेल्या. त्यांनी पिल्लं दाखवली. सुलू म्हणाली, पिल्लू नको, मी गेल्यावर ते कोणाच्या गळ्यात घालू? मोठा द्या. मग त्यांनी एक तपकिरी कुत्रा पुढे आणला, सहाएक वर्षांचा. त्याच्या गळ्याभोवती बोटभर रुंदीचा पट्टा असा होता, की तिथे केसच नव्हते.

"हा कोणाचा?" सुलूने विचारलं.

ममताबेननी वहीत बघितल्यासारखं केलं. "उसका मालिक ऑफ हो गया, बेन."

"आमचेही गेले," सुलू म्हणाली, आणि तिच्या दृष्टीने व्यवहार तिथेच पुरा झाला. साडीचा मऊ पट्टा तिने हळूच त्याच्या गळ्यात बांधला आणि त्याला रिक्षात घातलं. नाव ठेवलं खंड्या.

आता खरं सांगायचं तर त्या पहिल्या दहा दिवसांत सुलूला जेवढं बरं वाटलं, तेवढं वर्षभरात वाटलं नव्हतं. खंड्या तिच्या पायात पायात करायचा. ती भाजी निवडताना बोलायची, तो ऐकायचा. सकाळी त्याला फिरवायला नेलं की दूधवाला भैया थांबायचा, समोरच्या इमारतीतली, कधी न बोललेली माणसं नाव विचारायची, तिचं नव्हे, कुत्र्याचं, पण विचारायची. रात्री तो पलंगाशेजारी झोपायचा आणि त्याच्या श्वासाच्या आवाजावर तिला झोप लागायची. तिला वाटायचं, मी मूर्ख, तीस वर्षं नाही म्हणत राहिले. त्यांच्या हयातीत आणला असता तर काय बिघडलं असतं माझं?

हे असं मनात घोळत असताना खंड्याचं ते सुरू झालं.

दिवेलागणीला सुलू देवापुढे दिवा लावायची आणि जुन्या वळणाप्रमाणे घराचं दार उघडं ठेवायची. अकराव्या दिवशी बरोबर साडेसहाला खंड्या उठला, दाराशी गेला आणि उंबऱ्याच्या आत बसला. शेपटी फरशीवर आपटत होती. थप, थप, थप. दारात कोणी नव्हतं. थोड्या वेळाने त्याने मान वळवली, सावकाश, जसं कोणीतरी त्याच्यासमोरून आत चाललंय. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

सुलूच्या छातीत धडधडलं, पण भीतीने नाही. तुम्ही म्हणाल, बाई घाबरली कशी नाही? अहो, ज्या माणसाच्या वीस पायऱ्या राहून गेल्या, तो उरलेल्या पायऱ्या चढून, आपण आणलेला कुत्रा बघायला येतोय, असं वाटल्यावर कोण घाबरेल? तिला रडू फुटलं. ती उंबऱ्यापाशी गेली, डोळ्यांना पदर लावला आणि त्या रिकाम्या दाराला म्हणाली,

"अहो, या ना आत. तुमचंच घर आहे."

खंड्या उठला आणि कोणाच्या तरी मागोमाग खिडकीपर्यंत गेला. खिडकीजवळची वेताची खुर्ची कुरकुरली. कोणीतरी अंग टाकून बसावं तशी.

त्या दिवसापासून खुर्ची कुरकुरली की सुलू दार लावून घ्यायची आणि दोन कप चहा करायची. एक खुर्चीपाशी ठेवायची, एक घेऊन समोर बसायची, दिवसभरातलं सांगायची. मनमोकळं रडायची, हसायचीही. तासाभराने कपातला चहा थोडा कमी झालेला असायचा. साय मात्र बशीच्या कडेला काढून ठेवलेली. दत्तारामला साय आवडायची. सुलू मनाशी म्हणाली, गेल्यावर माणसाची आवड बदलत असेल. दत्ताराम आयुष्यभर पलंगावर मांडी घालून बसला, खुर्चीत कधी नाही. पाठ दुखत असेल. तो सव्वासातला यायचा, हे साडेसहाला येतात. आता कुठे गाडी पकडायची आहे? खोलीत एक वास येऊ लागला, काळ्या ग्रीसचा, गंजलेल्या लोखंडाचा. गोदीत ते असायचंच. एकटं माणूस स्वतःची समजूत घालायला बसलं की त्याला काही कमी पडत नाही.

पिंकी आली नसती तर हे असंच चाललं असतं. पिंकी शेजारच्या ब्लॉकमधली सून, मारवाडी, लाघवी. दत्ताराम गेल्यानंतर ते लोक इथे राहायला आले, तिने त्याला बघितलं ते दारासमोरच्या भिंतीवरच्या फोटोत. एके संध्याकाळी ती वाटीभर साखर परत द्यायला आली, तेव्हा खंड्या उंबऱ्यात बसलेला होता. सुलू कौतुकाने म्हणाली, बघ, रोज या वेळेला कसा खूश होतो.

पिंकी वाटी हातात धरून कुत्र्याकडे बघत राहिली. तिच्या माहेरी शेतावर चार कुत्री होती.

"आंटी, ये खुश नहीं है," ती हळूच म्हणाली. "पूँछ देखो, नीचे है. कान पीछे हैं. कुत्ता खुश होता है ना, तो उसकी कमर तक हिलती है... ये डर रहा है."

आणि तेव्हा सुलूला खंड्याच्या खालची फरशी ओली झालेली दिसली. रोज व्हायची. ती रोज पुसायची आणि म्हणायची, घराची सवय नाही बिचाऱ्याला.

त्या रात्री तिने दोन्ही खोल्यांतले दिवे चालू ठेवले. पहाटेपर्यंत एकच विचार करत राहिली. आपण 'अहो' म्हणालो. नाव घेतलं नाही. मग आत आलं कोण?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा शेल्टरमध्ये गेली. ममताबेन आधी टाळत होत्या, मग सुलूचा चेहरा बघून खाली बसल्या. कुत्रा महिपत नावाच्या मिस्त्रीचा होता. ट्रक दुरुस्त करायचा, गॅरेजमागच्या खोलीत राहायचा. बायकोला कोंडून ठेवायचा. एक दिवस ती पळाली. मग त्याने हा कुत्रा धरला आणि लोखंडी साखळीने खाटेच्या पायाला बांधला, हाही जाऊ नये म्हणून. साडेसहाला काम संपवून खोलीवर आला की कुत्र्याचं थरथरणं बाहेरपर्यंत ऐकू यायचं, साखळी वाजायची ना. मिस्त्री खाटेवर मेला, ते चौथ्या दिवशी कळलं. कुत्रा साखळीलाच होता.

"मैंने बोला नहीं, क्योंकि फिर इसको कोई लेता नहीं," ममताबेन म्हणाल्या. "बेन, तमे... वापस करना है तो कर दो."

खंड्याला परत दिलं तर घर पुन्हा गप्प होणार. आणि ज्याच्या साखळीच्या वळावर आपण आपल्या हाताने मऊ पट्टा बांधला, त्याला पुन्हा बांधायला कसं द्यायचं? नाही, ती म्हणाली. कुत्रा माझा आहे. जायचं असेल तर त्या माणसाने जावं.

पाचला ती घरी पोचली. दिवा लावला, पण दार बंद करून सरकती कडी घातली आणि दाराकडे तोंड करून बसली. आज येऊच द्यायचं नाही. साडेसहा झाले. खंड्या पोट फरशीला टेकवून सरपटत पलंगाखाली गेला. दाराशी काही हललं नाही.

खुर्ची कुरकुरली. तिच्या पाठीमागे.

तो बाहेरून येणार नव्हताच. त्याला या म्हटलं होतं, जा कोणी म्हटलंच नव्हतं. तो इतके दिवस इथेच होता. ती झोपायची तेव्हा, पोथी वाचायची तेव्हा.

"तुम्ही... जा," सुलू म्हणाली. मान वळवायचं धाडस तिला झालं नाही. "माझी चूक झाली. मला वाटलं... आमचे आहेत."

ग्रीसचा वास दाट झाला. वेत पुन्हा वाजला, बसलेलं माणूस पुढे झुकतं तसा. किती वेळ गेला कळलं नाही, बाहेर अंधारलं. तिच्या मानेला ऊन ऊन श्वास लागला. तिच्या तोंडात हाक आली, छत्तीस वर्षांच्या सवयीची हाक, आणि तिने जीभ चावली. त्या हाकेला आता हा ओ देणार होता. तिच्याकडे दुसरं काय होतं? जे कधी घेतलं नव्हतं तेच.

"दत्ताराम..." तिने पुन्हा घेतलं. "दत्ताराम, वर या... दत्ताराम..."

खाली दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी उठलं.

चपला वाजल्या. एकेक पायरी, दमाने. सुलू मोजत होती. पाच. नऊ. घड्याळात सव्वासात झाले होते. पलंगाखालून खंड्या बाहेर आला, कान उभे, शेपटी वर, कमरेपासून मागचं सगळं अंग हलत होतं. धावत जाऊन तो दाराला पंजे लावून उभा राहिला. सतरा. अठरा. विसाव्या पायरीला पावलं दाराशी थांबली. सुलू रडतच उठली आणि तिने कडी सरकवली.

कडी तिच्या बोटांतून परत आत गेली. झटक्याने नाही. सावकाश, रात्री निजताना घरातला माणूस लावतो तशी.

तिने दोन्ही हातांनी ओढली. कडी तेलकट होती, बोटं निसटत होती. बाहेरच्याने दार वाजवलं नाही. दत्ताराम तसाच होता, घाई करणं त्याला कधी जमलं नाही. ती आतून सांगत राहिली, थांबा, उघडते, थांबा. थोड्या वेळाने पावलं वळली आणि खाली जाऊ लागली. या वेळी ती दुसऱ्या मजल्यावर थांबली नाहीत. पार तळापर्यंत गेली, रस्त्याला लागली.

सकाळी कडी सहज उघडली. दारात पिंकी उभी होती, विरजण मागायला आलेली.

"आंटी, एक बात पूछूँ?" ती म्हणाली. "शाम को जो अंकल आते हैं, उनके लिए आप दरवाज़ा क्यों नहीं खोलतीं? पाँच-छह दिन से आ रहे हैं. सवा सात बजे. फोटोवाले अंकल के भाई हैं ना, शकल मिलती है. कल मैंने बोला उनको, बेल बजाओ, आंटी घर में ही हैं."

सुलूने चौकट धरली. "मग? काय म्हणाले?"

"बोले, रहने दे बेटी, अंदर कोई बैठेला है. उसको सोबत मिल गया. अब मैं निकलता हूँ..."

पिंकी आणखी काही सांगणार होती, पण तेवढ्यात तिची नजर सुलूच्या खांद्यावरून आत, खिडकीकडे गेली. मग तिने सुलूच्या घरी आजवर कधी न केलेली गोष्ट केली. त्यांच्यात घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषासमोर ओढतात तसा डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला, आणि मान खाली घालून दोन पावलं मागे सरकली.