पाचशे मीटर

नव्या घरात येऊन तीन आठवडेही झाले नव्हते, आणि त्या सकाळी नेलिदाच्या दाराच्या कडीला तिच्या लेकीचा लाल बूट लटकत होता. जुन्या घरी राहिलेला.

इन्स्पेक्टर सुल्माने विचारलं, "हा पत्ता कुणाला ठाऊक?"

"माझ्या बहिणीला, मिर्ताला. तिनंच विल्मारला सांगितलं असणार! तिला म्हणावं, पुन्हा तोंड दाखवू नकोस."

"तुझं यंत्र वाजलं?"

"नाही."

नेलिदाचा नवरा विल्मार. त्याने तिचा हात मोडल्यावर कोर्टाने त्याच्या पायात कडं घातलं होतं. तिच्यापासून पाचशे मीटरांवर आला की कडं थरथरून त्याला मागे फिरायला सांगायचं. पुढे आलाच, तर तिचं यंत्र वाजायचं.

कोपऱ्यावर बेकरीवालीने सुल्माला हटकलं. "पोरगी बरी आहे ना? परवाच तिच्या आजी घर विचारत आल्या होत्या."

सुल्मा मिर्ताकडे पोचली, तेव्हा तिचे डोळे रडून लाल झाले होते. "जीव गेला तरी सांगणार नाही हो मी!"

कड्यांवर नजर ठेवणाऱ्या नियंत्रण कक्षातला माणूस मात्र खुशीत होता. "विल्मार शहाणा झालाय, मॅडम. दहा दिवसांत तीनदा हद्दीला लागला, तिन्ही वेळा लगेच मागे फिरला."

"कुठून लागला?"

"एकदा बंदराकडून, एकदा बाजाराकडून, एकदा कब्रस्तानाकडून. दर वेळी सकाळी सातला."

सुल्माने नकाशा ओढून घेतला आणि पेन्सिल मागितली.

विल्मार आईकडे माते नावाचा कडवट चहा पीत बसला होता. "मी हद्द ओलांडलेली नाही. विचारा तुमच्या मशीनला."

"विचारलं. सकाळी सातला नेलिदा घरीच असते, हे तुला माहीत. कडं थरथरेपर्यंत चालायचं, जागा लक्षात ठेवायची, मागे फिरायचं. तीन बाजूंच्या तीन जागा. तिन्हींपासून पाचशे मीटरांवर एकच गल्ली येते. मिर्ताने नाही, आमच्याच कड्याने तुला पत्ता दिला. आणि गल्लीत घर शोधायला कडं नसलेलं माणूस हवं होतं." सुल्मा म्हातारीकडे वळली. "होय ना, आजी? बेकरीवाली ओळखेल तुम्हाला."

म्हातारीने पेला खाली ठेवला. "नातीचा बूट होता. एवढंच तर..."

"गप्प बस गं!" विल्मार ओरडला.

"कुणाकरवी निरोपसुद्धा पोचवायचा नाही, असा कोर्टाचा हुकूम आहे. चला दोघंही."

संध्याकाळी, सुल्माकडून सगळं कळल्यावर, नेलिदा पुन्हा सामान बांधत होती. दारात मिर्ता उभी राहिली.

"मी तुला..." नेलिदाने सुरुवात केली.

मिर्ताने बाह्या सरसावल्या आणि सगळ्यात जड खोका उचलला.