होडी वाळेपर्यंत

टपावर होडी, आणि नाक्यावर न थांबता सरळ पुढे! मार्नीचा तर विश्वासच बसेना. मोंटानात होडी घेऊन येणारा प्रत्येक जण ह्या तपासणी नाक्यावर थांबतो, मग ती मोठी मोटरबोट असो की पोराटोरांची फुगवायची रबरी होडी. थांबावंच लागतं, कायदाच आहे तसा. आणि ही पिवळी कॅम्परव्हॅन मात्र आपली लांबलचक लाकडी होडी मिरवत तिच्या डोळ्यांदेखत निघून गेली!

"अहो! अहो पिवळी गाडी!" हातातली झेंडी नाचवत ती धावली.

थोडं पुढे जाऊन व्हॅन थांबली. मग कडेकडेनं, वाकडीतिकडी होत, उलटी उलटी मागे आली. खिडकीतून उन्हानं लाल झालेला एक चेहरा डोकावला.

"माफ करा हं... बोर्ड दिसलाच नाही."

"एवढाल्ला नारिंगी बोर्ड? नाही दिसला?"

"इथून बघा ना जरा. मग तुम्हीच सांगा."

तिनं वाकून पाहिलं आणि ओठच चावला. होडी इतकी पुढे ओढून बांधली होती की तिचं टोक टोपीच्या पुढच्या झापडीसारखं काचेवर उतरलं होतं. समोरचं डांबर तेवढं दिसत होतं. बाकी सगळी होडीच होडी.

"मिनेसोटापासून असेच आलात?" नंबरप्लेट बघत तिनं विचारलं.

"असाच. मोंटानाचं आभाळ फार मोठं असतं म्हणे... खरं का?"

मार्नी हसली. नाक्यावरच्या माणसानं हसायचं नसतं, पण हसली.

त्याचं नाव एनार. दोघांनी मिळून होडी खाली उतरवली, लाकडी घडवंच्यांवर पालथी ठेवली. मार्नीनं डोळे मिटले आणि बोटं हळूहळू होडीच्या पोटावरून फिरवायला लागली.

"डोळे मिटून तपासता?" एनारचा आवाज एकदम खाली आला होता.

"शिंपल्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत. बोटांना लागतात, खरखरीत. एकदा तळ्यात शिरली की नळ, पाट, कालवे, सगळं बुजवून टाकतात मेली."

"मग... लागतंय काही?"

काही लागत नव्हतं. देवदाराच्या पट्ट्या एकीला एक अशा बिलगल्या होत्या की जोड कुठे ते कळेना. इतकी सुंदर होडी तिनं ह्या नाक्यावर पाहिली नव्हती.

"कुणी केली ही?"

"मी. हिवाळाभर, स्वयंपाकघरात. तयार झाली तर दारातून निघेना! खिडकीच काढावी लागली. मग घरमालकिणीनं होडीच्या मागोमाग मलाही बाहेर काढलं. म्हणून ही व्हॅन."

आता मात्र मार्नी खळखळून हसली. हसता हसता तिनं होडीच्या दोन टोकांना असलेल्या बंद कप्प्यांपैकी एकाचं झाकण फिरवलं, आत हात घातला... आणि तिचं हसू मावळलं. आत पाणी होतं.

"शेवटचं कुठल्या तळ्यात होतात?"

त्यानं नाव सांगितलं. शिंपल्यांनी गच्च भरलेलं तळं!

"होडी इथंच राहील. दोन्ही कप्पे ठणठणीत कोरडे होईपर्यंत. ओलाव्यात पिल्लं जगतात."

"आणि मी?"

"तुम्ही जा की. तुम्हाला काही चिकटलेलं दिसत नाही."

"नीट तपासलं कुठे?" तो म्हणाला, आणि आपणच कानापर्यंत लाल झाला.

होडीशिवाय जाऊन करणार तरी काय होता तो? पॅसिफिकच्या किनाऱ्यावर होड्या बांधणारी एक बाई होती, कडक म्हणून नावाजलेली. तिनं सांगितलं होतं की शनिवारी तुझ्या हातची होडी दाखव, पसंत पडली तर माझ्याकडे काम. नाही आलास तर दुसरा माणूस तयार आहे. एनारला आयुष्यात दुसरं काही करायचंच नव्हतं. त्यानं व्हॅन नाक्यामागच्या गवतात लावली आणि होडी वाऱ्याला ठेवली.

झालं! सकाळी मार्नी कामावर यायची तेव्हा कॉफीचा वास आधीच नाक्यावर पोचलेला असे. एनार किटलीतच कॉफी उकळायचा, गाळबीळ तसाच ठेवून. बरोबर जाडजूड पॅनकेक, वर रानातली जांभळी हकलबेरी.

"ही लाच आहे," ती म्हणायची.

"छे! लाच देऊन लवकर सुटतात. मी कुठे काय मागतोय?"

दुपारी गर्दी वाढली की तो येणाऱ्यांच्या होड्या उतरवायला हात लावायचा, परत बांधून द्यायचा. मार्नीला त्यानं आपली खास गाठ शिकवली. एकाच दोरीवर दोघांचे चार हात... गाठ पहिल्या दिवशीच जमली होती तिला. पण ती रोज चुकायची.

"अशी नाही गं... इकडून."

"इकडून? पुन्हा दाखव ना."

रोज सकाळी ती कप्प्यात हात घालायची. ओलं! "अजून नाही वाळली," असं तोंड पाडून सांगायची, आणि आत मन असं उड्या मारायचं की तिची तिलाच लाज वाटायची. तिनं स्वतःला बजावून ठेवलं होतं, नाक्यावर जीव लावायचा नाही. इथं माणसं थांबतात ती पुढे जायलाच. ही होडी वाळली की तोही जाणार. मग?

डोरीनमावशी नाक्यावरची सर्वांत जुनी. सगळे तिला मावशीच म्हणत. गुरुवारी सकाळी ती मार्नीच्या कानाशी लागली.

"काय गं, ह्या वाऱ्यात माझे लोकरी मोजे तासाभरात वाळतात. ही होडी काय समुद्र पिऊन आलीय?"

मार्नी चपापली. खरंच की! गवत वाळून पिवळं पडलं होतं, ओठ फुटत होते, आणि कप्पा तेवढा ओला? तिनं जाऊन पुन्हा आत हात घातला. बोटं बाहेर काढून नाकाशी नेली... आणि बघतच राहिली. बोटांना कॉफीचा गाळ लागला होता!

"एनार!"

तो पॅनकेक उलटत होता. तिचा चेहरा पाहिला आणि पॅनकेक गवतात पडला.

"मिनेसोटाच्या तळ्यात कॉफी उगवते वाटतं?"

"मार्नी, ऐक... ते प्यायचं पाणी होतं. चांगलं उकळलेलं. शिंपलाबिंपला—"

"शिंपल्यांचं नाही विचारत मी! परवा शनिवार आहे. तुझी नोकरी जाईल, वेड्या! कधीपासून चाललंय हे?"

"सोमवारीच वाळली होती," तो खाली बघत म्हणाला. "तू येशील, हात घालशील आणि जा म्हणशील... मला ते ऐकायचं नव्हतं. म्हणून रोज किटलीतलं उरलेलं ओतत होतो." मग त्यानं सरळ तिच्याकडे पाहिलं. "मला तू फार आवडतेस. होडीपेक्षाही. आणि होडीपेक्षा मला आजवर काही आवडलं नव्हतं गं."

मलाही... एवढा एकच शब्द मार्नीला बोलायचा होता. पण बोलली, तर हा गाढव इथंच राहील आणि हातचं काम घालवून बसेल. तिनं फडकं उचललं आणि कप्पा पुसायला घेतला. खसाखसा पुसला. मग झाकणं उघडी टाकून होडी उन्हात ठेवली. दिवसभर ती त्याच्याकडे फिरकली नाही. तोही कॉफी घेऊन आला नाही.

शुक्रवारी उजाडता उजाडता तिनं आत हात घातला. कोरडं.

"निघ," ती म्हणाली. "आत्ता निघालास तर उद्या वेळेवर पोचशील."

एनारनं मान हलवली. होडी चढवली, मागे सरकवून बांधली. मार्नीनं तिच्यावर नाक्याचं सील लावलं. सुट्टीचा हंगाम, त्यामुळे मागे होड्यांची ही भली मोठी रांग. एनार गाडीत बसला. काच खाली केली.

"थांबव ना मला," तो हळूच म्हणाला.

"होड्या थांबवण्याचा अधिकार आहे मला. माणसांचा नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि त्यानं गाडी सुरू केली.

व्हॅन हलली. एक हात, दोन हात, चार हात... आणि मार्नीच्या मनात आलं, आत्ता गप्प बसले तर जन्मभर गप्पच बसेन.

"थांब! ए एनार, थांब!" ती धावत खिडकीशी पोचली. "जा तू. नोकरी घालवायची नाही, सांगून ठेवते. पण मलाही तू आवडतोस. खूप आवडतोस! होडी ओली निघायची ना, तेव्हा मला इतका आनंद व्हायचा की रात्री झोप यायची नाही. हिवाळ्यात नाका बंद होतो. बंद झाला की मी तिकडे येते. येऊ का?"

एनार तोंड उघडं टाकून नुसता बघत राहिला. मागून भोंग्यांवर भोंगे वाजायला लागले. रांगेतल्या ट्रकमधून एक म्हातारा मासेमार अर्धा बाहेर आला.

"अरे पोरा, हो म्हण ना! मासे काय दिवसभर वाट बघणार आहेत?"

"हो!" एनार ओरडला. "हो, ये! नक्की ये!" आणि खिडकीतून निम्माशिम्मा बाहेर येऊन त्यानं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तिला ओठांवर ओठ टेकून एक लांबलचक मुका दिला. रांगेतल्या झाडून साऱ्या गाड्यांनी भोंगे वाजवले. डोरीनमावशीनं झेंडी वर केली आणि डोळे पुसले.

पिवळी व्हॅन वळणाआड गेली तरी मार्नी हात हलवतच होती. म्हाताऱ्याचा ट्रक पुढे येऊन तिच्याजवळ थांबला.

"गेला का गं?"

"गेला," ती म्हणाली. गाल ओले होते, आणि हसू काही केल्या आवरत नव्हतं.

"आणि तू कधी निघणार?"

"पहिला बर्फ पडला की."

"म्हणजे अजून बराच वेळ आहे."

"आहे ना," मार्नीनं डोळे मिटले आणि हात त्याच्या होडीवर ठेवला. "तोवर तुमची होडी बघू. उतरा खाली."