पंखावरचा निळा

"निळा द्या," दारातला तरुण म्हणाला.

"कुठला निळा?" हेमावतीनं मान वर न करताच विचारलं. "आमच्याकडं बारा निळे हायत."

एकोणीसशे चौतीस साल. सोलापूरचे विणकर सुताचे रंग न्यायला, सूत रंगवून घ्यायला चनमल्लप्पांच्या दुकानी येत. दुपारी आप्पा जेवायला आत गेले की दुकान त्यांच्या लेकीकडे, हेमावतीकडे. पण हा गडी काही विणकर दिसेना. त्याच्या हातात होतं एक लाकडी विमान — हातभर लांब, दोन मजली पंखांचं.

"ह्याला द्यायचाय. फौजेचं विमान हाय."

"अय्य, सुताचा रंग लाकडावर बसतो व्हय?" तिला हसू आवरेना.

तो ओशाळला. सिद्धलिंगप्पा त्याचं नाव. शाळेत चित्रकलेचा बदली मास्तर. तेलरंग त्याच्याकडे होते, पण कुठला कुठं द्यायचा हेच कळेना. खरं विमान त्यानं कधी बघितलंच नव्हतं. खिशात वर्तमानपत्रातला एक काळापांढरा फोटो तेवढा...

"मी बघितलंय की," हेमावती म्हणाली. "गेल्या साली कुंभारीला मावशीच्या शेताजवळ उतरलं होतं, यंत्र बिघडून. अख्खी सकाळ बघत बसले होते."

सिद्धलिंगप्पा तिच्याकडे बघतच राहिला. विमानासाठी बघत होता की आणखी कशासाठी, ते त्याचं त्यालाच ठाऊक!

त्या दिवशी तिनं फक्त अंगाचा रंग सांगितला — नव्या कल्हईच्या भांड्यासारखा, चंदेरी. दुसऱ्या दिवशी तो चाकांचं विचारायला आला. तिसऱ्या दिवशी शेपटीचं.

"सगळं एकदम का न्हाय विचारत, मास्तर?"

"मग उद्या काय विचारू?"

हेमावती उगाच सुताच्या लडी झटकू लागली. सकाळपासून तिचे डोळे दाराकडे लागलेले असत. जीव जडला होता, दुसरं काय!

मंगळवारी राहिली ती पंखांवरची गोल चक्रं — मधे लाल, मग पांढरं, बाहेर निळं कडं. तो भलताच खुशीत होता.

"पुण्याच्या एका शाळेला हस्तकलेचा मास्तर पाहिजे. शनिवारी हे विमान घेऊन परीक्षेला जायचंय. परीक्षक फौजेतले पेन्शनर. रंगात तीळभर चूक चालायची न्हाय. जमलं तर तिथं नोकरी, कायमची!"

पुणं... कायमचं... म्हणजे हा आता दारात दिसायचा नाही.

"अस्मानी," ती बोलून गेली. "बाहेरचं कडं अस्मानी होतं. फिकं."

"व्हय, फोटोतबी फिकंच दिसतंय." आणि तो शीळ घालत गेला. एका शब्दानं उलटून विचारलं नाही.

त्या दुकानाची एक रीत होती. ओल्या सुतावर शेड ठरवायची नाही. सूत वाळवायचं, दारातल्या उजेडात नमुन्याच्या धाग्याला धागा लावून बघायचा, मगच विणकराला हो म्हणायचं. चुकीची शेड आप्पांनी आजवर कुणाच्या गळ्यात मारली नव्हती. आणि तिनं मारली, ती नेमकी त्याच्या! दोन दिवस तिला घास गोड लागेना.

गुरुवारी सकाळी ती गडद निळ्या सुताची लडी घेऊन शाळेत गेली. चित्रकलेच्या वर्गात खिडकीपाशी विमान वाळत होतं. कडी सगळी अस्मानी.

"पुसा ते, मास्तर. टर्पेंटाइन लावून आत्ताच्या आत्ता पुसा." तिनं निळा धागा पंखावर धरला. "खरं असं होतं. फोटोत गडद निळाबी फिका येतो."

"मग परवा...?"

"परवा खोटं सांगितलं."

"का?"

"तुमी नापास व्हावं म्हणून!" तिचे डोळे भरून आले. "नापास झालात तर हितंच ऱ्हाल, असं वाटलं... कळलं आता? घ्या, रंगवा."

सिद्धलिंगप्पानं चिंधी भिजवली. एकेक कडं सावकाश पुसून काढलं. मग ब्रश तिच्यापुढे धरला.

"रंग तुमीच कालवा. मी न्हाय हात लावणार."

"एवढा राग आला?"

"राग न्हाय..." तो हळूच हसला. "पास झालो, तर तिथली कागदपत्रं उरकून सोमवारी तुमच्या आप्पांना भेटायला येतो. मागणी घालायला."

"आणि नापास झालात तर?"

"तर रविवारीच येतो."

हेमावती लाजून लाल झाली. पण रंग तिनं खराच कालवला, धाग्याला धागा लावावा तसा. एक दिवस जास्त वाट बघायची आता तिची तयारी होती.