गणपतरावांचा पट्टा

"ओ पावणं, काय चाललंय तिथं?"

निशिगंधानं गच्चीवरनं हाक मारली आणि मागच्या बोळातल्या पायरीवर बसलेल्या दोघांनीही एकदम मान वर केली. एक होता माणूस, कधी न बघितलेला. दुसरा गणपतराव, म्हणजे तिचा स्वतःचा, दूधभातावर पोसलेला पिवळाधमक बोका. माणसाच्या हातात कात्री होती आणि कात्रीच्या पात्यांत गणपतरावांच्या गळ्यातला लाल पट्टा.

अनोळखी माणसाला कोल्हापुरात ‘पावणं’ म्हणायचं, हे शेंबड्या पोराला पण ठाऊक. माणसानं वर बघितलं ते ठीक. पण बोक्यानं का म्हणून ओ द्यावी? निशिगंधा भांडायला म्हणून कठड्याशी आली होती, ती तिथंच अडली.

"ह्यांचं नाव तुम्हाला कसं ठाऊक?" उलट त्यानंच विचारलं.

"कुणाचं?"

"ह्यांचंच की." त्यानं बोक्याच्या डोक्यावर बोट टेकलं. "आमच्यात ह्यांना पावणं म्हणत्यात. जेवायच्या टायमाला येत्यात, पोटभर खात्यात आणि रामराम न घालता जात्यात."

"त्यो गणपतराव हाय. आमचा हाय. आणि त्यो पट्टा मी घालतोय."

कोल्हापूरची पोरगी ती. ‘मी घालते’ कशाला म्हणेल? पुण्यामुंबईच्या लोकांनी हसायचं तर हसावं.

"आणि कापतोय मी," तो शांतपणे म्हणाला... कच्.

पट्टा पायरीवर पडला. गणपतरावांनी मान झटकली, आळस दिला आणि त्या माणसाच्या गुडघ्यावर गाल घासला. घरभेदी कुठला. निशिगंधा तणतणत जिना उतरली. बारीक भुरभुर चालू होती, पण छत्री घ्यायचं भान कुणाला? आजवर गणपतराव बाहेर गेले की उघड्या गळ्यानं परत येत होते. पट्टे कुठं जातात, या कोड्यानं तिची झोप उडाली होती. चोर सापडला. आता कोडं वेगळंच, की हा असं का करतो?

चोराचं नाव ऋतुराज. पेठ वडगावचा. उद्यमनगरातल्या एका कारखान्यात मशीनचे भाग डिझाइन करायचा आणि मंगळवार पेठेत, तिच्या घराच्या बरोबर मागं, भाड्यानं राहायला आला होता.

"गेल्या वर्षी आमची पांढरी मांजर कुणीतरी बेवारशी समजून उचलून नेली," निशिगंधा म्हणाली. "पट्टा असता तर नेली नसती. म्हणून घालतोय. तुमचं काय म्हणणं हाय?"

"मांजराला पट्टा नको, एवढंच म्हणणं हाय."

"का पण?"

त्यानं तिच्याकडं बघितलं. केसांवर पावसाचे थेंब, कमरेवर हात... काहीतरी सांगणार असं वाटलं, आणि तेवढ्यात तो नजर वळवून बोक्याशीच बोलायला लागला. "पावणं, भिजू नका. आत चला."

आणि बोका गेला की आत. त्याच्या मागनं निमूटपणे. तिला बोक्याचा राग आला, त्या माणसाचा आला आणि ‘का’ला उत्तर मिळालं नाही याचा सगळ्यात जास्त आला.

गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, निशिगंधाचं दागिने गाठवायचं दुकान होतं. वडलांच्या मागं तिनंच चालवलं. साज, मंगळसूत्र, ठुशी, सगळं रेशमात ओवून, गाठी मारून द्यायचं. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी पट्टाचोर दुकानाच्या पायरीवर हजर.

"पट्टा जोडून मिळंल काय?"

"कापायचा तुम्ही आणि जोडायचा मी?"

"जोडा. पण..." तो काचेच्या पलीकडं तिची बोटं बघत होता. दोरा दातात धरून तिनं गाठ ओढली. "ही गाठ तुटती कधी?"

"माझी गाठ? माझी गाठ तुटत न्हाई. आजीनं घातलेलं नात घालती."

"तेच नको हाय मला."

मग त्यानं सांगितलं. उभ्या उभ्याच, आवाज खाली घेऊन. वडगावला त्याची एक मांजर होती, चिंगी. त्यानंच हौसेनं जत्रेतनं पट्टा आणून घातला, घुंगराचा. पावसाळ्यात पत्र्यावरनं उडी मारताना पट्टा खिळ्यात अडकला. घुंगरू वाजत असणार, पण पत्र्यावर पाऊस एवढा होता की कुणाला ऐकूच गेलं नाही. "सकाळी मीच काढली तिला," तो म्हणाला.

निशिगंधानं हातातला मणी खाली ठेवला. एवढा मोठा गडी आणि एका मांजरासाठी त्याचा आवाज असा होतो? तिला वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोला, वाईटाच्या मागोमाग दुसरंही काहीतरी वाटलं.

"बसा," ती म्हणाली. "रेशीम नको. कच्चा सुती दोरा घालू. हिसका बसला की तुटला पाहिजे."

"आणि नुसतं खाजवलं तर?"

"तर न्हाई तुटायचा."

"असा दोरा असतोय?"

"बघू की," असं म्हणून तिनं रीळ काढलं.

मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, म्हणून उंदरांची सभा उठली होती म्हणे. इथं बांधणारे दोघं तयार होते आणि सभा उठायचं नाव घेत नव्हती. रोज संध्याकाळी नवा दोरा. गणपतरावांचं वजन कळावं म्हणून ऋतुराज त्यांना पिशवीत घालून वाण्याच्या काट्यावर घेऊन गेला, वाण्यानं विचारलं, "पावशेर बांधू काय?" मग तेवढ्याच वजनाची पाण्याची बाटली पट्ट्याला बांधून दुकानाच्या खुंटीला टांगायची आणि दोघांनी श्वास धरून बघत बसायचं. एकपदरी दोरा गणपतरावांनी कान खाजवतानाच तोडला. तीनपदरी बाटलीनं तुटतच नव्हता.

"दुपदरी बघू," तिनं दोऱ्याचा फास त्याच्या मनगटात अडकवला. "ओढा."

त्यानं ओढलं. दोरा तसाच राहिला.

"जास्त झाला वाटतं पक्का," ती म्हणाली.

"न्हाई... मी जोर लावला न्हाई."

"का?"

"तुटंल की."

निशिगंधाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं खाली मान घालून उगाच रिळाचा गुंता काढायला घेतला, गुंता नसताना. पलीकडच्या दुकानातल्या कासारणीनं डोळा बारीक करून बघितलं. मांजर डोळे मिटून दूध पितं, पण गुजरीला दिसत असतंच की.

मग त्यानं खरोखरच हिसका दिला आणि दुपदरी दोरा तटकन तुटला. बाटलीनंही तोडला. खाजवण्यानं तुटला नाही. शनिवारी पट्टा तयार झाला, निळा, मधे दोऱ्याचा सांधा. आतून तिच्या दुकानाचा फोन नंबर. "मांजरानं पट्टा घालावा की घालू नये, हे ठरलं म्हणायचं," ऋतुराज म्हणाला. "घालावा. पण सोडून देणारा."

तिला आनंद व्हायला हवा होता. पण मनात वेगळंच होतं. आईनं कागलचं स्थळ आणलेलं. माणसं चांगली, मुलगा शिकलेला, नाव ठेवायला जागा नाही, आणि आईला जे ठरायचं ते लवकर ठरायला हवं होतं. हा माणूस रोज येतो, बसतो, दोरे तोडतो, पण बोलत काही नाही. आज नाही बोलला तर संपलंच. शेवटी तीच बोलली, दोन्ही हात ओढणीच्या टोकात गुंडाळून.

"उद्या पावणं येणार हाईत आमच्यात."

ऋतुराजचा चेहरा उजळला. "शेवटी म्हणालासा की."

"म्हंजे? तुम्हाला ठाऊक हुतं?"

"मला ठाऊक नसंल तर कुणाला? येऊ देत की. चांगलं खाऊ घाला."

"तुम्हाला... काही वाटत न्हाई?"

"वाटायचं काय त्यात? तुमच्यात रमले तर बरंच हाय. माझ्याकडं काय, सोय न्हाई, धड चूल न्हाई. मीबी येऊन जाईन उद्या. खायला आणतो काहीतरी."

"याच," ती दातओठ खात म्हणाली आणि दुकानाचं शटर खाडकन ओढलं.

रात्रभर तिनं त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. दगड. धोंडा. उद्यमनगरातलं बिडाचं लोखंड. माझी पसंती करायला पावणं येणार आणि हा म्हणे खाऊ घाला. सकाळी तिनं आईनं काढून ठेवलेली साडी नेसली आणि ठरवलं, येईल त्याला हो म्हणायचं. सगळ्याचा सोक्षमोक्ष लागलेला बरा.

कागलचे तिघं आले. मुलगा सम्राट, त्याची आई आणि सगळीकडं पुढं बोलणारे त्याचे मामा, बाळासो. निशिगंधा स्वयंपाकघरात चहा गाळत होती, तेवढ्यात दारात आवाज आला. त्याचा.

"पावणं आलं काय?"

"आलेत की, आत्ताच," आई म्हणाली. "तुम्ही त्यांच्याकडचं काय?"

"व्हय, माझ्याकडचंच म्हणायचं. रोज जेवायला माझ्याकडंच असत्यात."

"मग मागं का राहिलासा? या, बसा, बसा."

निशिगंधाच्या हातातली गाळणी हवेतच राहिली. पावणं. आमच्यात ह्यांना पावणं म्हणत्यात. म्हणजे काल हा... बोक्याविषयी? तिला एवढं जोरात हसू आलं की पदर तोंडात कोंबावा लागला, आणि त्याच वेळी डोळे भरून आले. दगड नव्हता. दगड नव्हता तो. पण आता बाहेर बसून त्याला कळणार होतं की पावणं कोण. कळल्यावर तो काय करेल? बघितल्याशिवाय जीव थाऱ्यावर राहणार नव्हता. ती ट्रे घेऊन बाहेर आली.

तिला साडीत बघितलं आणि त्याला कळलं. चेहऱ्यावरनं रक्त उतरताना दिसलं. मांडीवर पोह्याची बशी, बशीशेजारी वर्तमानपत्रात बांधलेले सुके बोंबील, आणि त्यांचा वास खोलीभर. बाळासो मामा नाकाला रुमाल लावून, तरी रीत सोडायची नाही म्हणून, मुलीकडचा समजून त्यालाच विचारत होते.

"मुलगी कामाला कशी हाय?"

"हात... हलका हाय," ऋतुराज म्हणाला. पळून जायचं सोडून तो उत्तर देत होता. "हातात घेतलेलं सोडत न्हाई."

"आणि स्वभाव?"

"तापट." सम्राटच्या आईनं भुवई उचलली. "पण ऐकून घेती. मी एक गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. तिला सांगितली. तिनं हसण्यावारी न्हाई नेली."

त्याचा आवाज खाली गेला.

तेवढ्यात खिडकीतनं धप्प आवाज झाला. बोंबलाच्या वासावर गणपतराव आले होते. अंगभर चिखल, मानेजवळचे केस विस्कटलेले, आणि गळा उघडा. सकाळी घातलेला निळा पट्टा नव्हता. पावण्यांचं भान दोघांनाही राहिलं नाही. ऋतुराजनं बशी खाली ठेवली, तिनं ट्रे, आणि दोघंही एकदमच जमिनीवर गुडघे टेकून बसले. त्यानं बोक्याची मान बोटांनी चाचपली. नुसता एक ओरखडा.

"अडकलं हुतं कुठंतरी," तो म्हणाला.

"आणि सुटलं," ती म्हणाली.

"तुटला, निशिगंधा. तुमचा दोरा तुटला." त्याच्या डोळ्यांतनं सरळ पाणी आलं, आणि त्यानं ते पुसलंही नाही. तिनं न विचारता त्याच्या हातावर हात ठेवला, तोही भर खोलीत, आईदेखत.

बाळासो मामांनी रुमाल काढला. "माफ करा, पण तुम्ही मुलीचे कोण म्हणायचं?"

"म्हंजे?" आई दारातनं म्हणाली. "हे तुमच्याकडचं न्हवं?"

"आमच्याकडचं? आम्ही तर तुमच्याकडचं समजून..."

सगळ्यांनी ऋतुराजकडं बघितलं. तो बोक्याला धरून जमिनीवर बसलेला, कानापर्यंत लाल झालेला.

"मी..." तो म्हणाला, "मांजराकडचा."

सम्राटला पोह्याचा ठसका लागला. त्याची आईही पदराआड हसली. मामांना मात्र हे पटण्यासारखं नव्हतं. "मग मांजर घ्या आणि चला की, भले माणसा. इथं कामाचं बोलणं चाललंय."

"मांजरासाठीच आलतो," ऋतुराज म्हणाला. तो आता निशिगंधाकडंच बघत होता, नजर न वळवता. "पण आता उठवंना झालंय. कालच बोलायला पाहिजे हुतं... कळलंच न्हाई मला. तुम्हाला कुणी दुसऱ्यानं नेलेलं मला बघवायचं न्हाई."

सम्राटनं पाणी प्यायलं, दोघांकडं एकदा बघितलं आणि बशी बाजूला सारली. मुलगा खरोखरच चांगला होता. "मामा, उठा," तो म्हणाला. "आपलं पोहे झालं."

आईनं पदर खोचला आणि ऋतुराजसमोर येऊन उभी राहिली. चेहऱ्यावरनं काही कळत नव्हतं. "निशे," ती म्हणाली, "ह्या पावण्यांचं काय करायचं? वाटंला लावू का?"

निशिगंधानं मान वर केली. आजवर तिनं त्याला कधी ‘तुम्ही’शिवाय बोलवलं नव्हतं.

"बसू दे त्याला, आई."

आईनं ते ‘त्याला’ नीट ऐकलं. लेकीकडं बघितलं, जमिनीवर बसलेल्या त्या माणसाकडं बघितलं, आणि पोह्यांची दुसरी बशी भरायला आत गेली.